थेंबाचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनंतर झालेल्या कार्यक्रमात नेत्रविभागाच्या प्रमुखांनी केलेले भाषण. अहवालासाठी थोडा संक्षेप केला आहे.)



वार्षिक सभेच्या निमित्ताने नेत्रविभागाकडून काय ऐकायचे, याची आपणा सर्वांना सवय झालेली आहे. शस्त्रक्रिया किती झाल्या, शिबिरे किती भरली, नवे यंत्र कोणते आले, हे सारे याच अहवालाच्या तक्त्यांत छापलेले आहे. त्याची पुनरुक्ती न करता आज मी एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी येऊन गेलेली आहे. अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची कुपी, तिला एक टोपण, आत पाच मिलिलिटर औषध. डोळ्यांत घालायच्या थेंबांची ही कुपी कशी असावी, केवढी असावी, तिच्यातून पडणारा थेंब केवढा असावा आणि ती किती रुग्णांसाठी वापरावी, हे प्रश्न किरकोळ वाटतात. परंतु रुग्णालयाचा पैसा, रुग्णाचा पैसा आणि पुष्कळदा रुग्णाची दृष्टी या प्रश्नांशी बांधलेली असते.

जुन्या पिढीतील मंडळींना आठवत असेल की, पूर्वी डोळ्यांचे औषध काचेच्या बाटलीत मिळे आणि सोबत रबरी फुग्याचा ड्रॉपर असे. ड्रॉपर पापणीला लागे, तोच पुन्हा बाटलीत बुडे आणि औषधात जंतू शिरत. क्लोरोमायसेटिनच्या अ‍ॅप्लिकॅपही अनेकांनी वापरल्या असतील. एका वेळेपुरते मलम भरलेली ती कॅप्सूल टोकाला छेद देऊन पिळायची आणि टाकून द्यायची. पुढे दाबून थेंब पाडायच्या प्लॅस्टिकच्या कुप्या आल्या आणि ड्रॉपर गेला. म्हणजे कुपीचा आकार हा सोयीपुरता प्रश्न कधीच नव्हता. औषध शुद्ध राहावे आणि वाया जाऊ नये, या दोन गरजांची ओढाताण त्यात पहिल्यापासून आहे. आजच्या माझ्या बोलण्याचा विषयही हीच ओढाताण आहे.

डोळ्यात मावते किती?

प्रथम थोडे गणित. मिलिलिटरच्या हजाराव्या भागाला मायक्रोलिटर म्हणतात. आपल्या डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो तो साधारण सात मायक्रोलिटरचा. खालची पापणी ओढली असता जी खोबण दिसते, तिच्यात फार तर तीस मायक्रोलिटर द्रव क्षणभर राहू शकतो. पापणी मिटताच त्यातलाही बराचसा बाहेर ढकलला जातो. बाजारातील कुप्यांतून पडणारा थेंब मात्र पंचवीसपासून सत्तर मायक्रोलिटरपर्यंत असू शकतो. चाळीस-पन्नास मायक्रोलिटरचा थेंब ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

मग उरलेले औषध जाते कुठे? काही गालावर ओघळते. काही डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील अश्रुनलिकेवाटे नाकात आणि तेथून रक्तात जाते. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या टिमोलॉलसारख्या औषधाच्या बाबतीत हे केवळ नुकसान नसून धोकाही आहे, कारण दम्याच्या रुग्णाला रक्तात गेलेले टिमोलॉल त्रासदायक, प्रसंगी घातक ठरू शकते. म्हणूनच थेंब घातल्यावर डोळा मिटून आतला कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे हलकेच दाबून ठेवावा, असे आम्ही सांगत असतो.

थेंबाचा आकार कशाने ठरतो? मुख्यतः कुपीच्या टोकाच्या रुंदीने. त्याखेरीज द्रवाचा पृष्ठताण, त्यातील परिरक्षक द्रव्य, कुपी उभी धरली की तिरपी, प्लॅस्टिक मऊ की कडक, यांनीही फरक पडतो. म्हणजे औषध तेच, प्रमाण तेच, पण कुपी बदलली की थेंब बदलतो. पाच मिलिलिटरच्या कुपीतून पन्नास मायक्रोलिटरचे थेंब पडले तर शंभर थेंब मिळतात. पस्तीसचे पडले तर सुमारे एकशे चाळीस. लेबलावर दोन्ही कुप्या पाच मिलिलिटरच्याच असतात. कुपीत थेंब किती, हे त्यावर लिहिलेले नसते.

मोठ्या थेंबांमुळे औषध आणि पैसा दोन्ही वाया जातात, याकडे अमेरिकेत २०१७ साली प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेसाठी पत्रकार मार्शल अ‍ॅलन यांनी लक्ष वेधले, तेव्हा तेथे बरीच चर्चा झाली. नेत्रतज्ज्ञांना ती माहिती नवी नव्हती. नवे होते ते इतकेच की, थेंबाच्या आकाराकडे प्रथमच सामान्य ग्राहकाने हिशेबाच्या नजरेने पाहिले.

वर्षातले साठ दिवस

आता हा हिशेब आपल्या बाह्यरुग्ण विभागात आणू या. काचबिंदूच्या रुग्णाला टिमोलॉल दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा घालायचे आहे. दिवसाला चार थेंब, तीस दिवसांचे एकशे वीस. कुपीत शंभर थेंब असतील तर ती पंचविसाव्या दिवशी संपते. एकशे चाळीस असतील तर महिना पुरते.

समजा, खरेदीच्या वेळी मोठ्या थेंबाची कुपी साठ रुपयांना आणि लहान थेंबाची पासष्ट रुपयांना मिळत आहे. दरपत्रकावर पहिली स्वस्त दिसते. परंतु वर्षाला पहिल्या प्रकारच्या पंधरा कुप्या लागतील, म्हणजे नऊशे रुपये. दुसऱ्या प्रकारच्या बारा, म्हणजे सातशे ऐंशी. स्वस्त कुपी महाग पडली. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण त्यातील तर्क कोणत्याही दराला लागू पडतो. प्रश्न कुपीच्या किमतीचा नसून महिन्याच्या खर्चाचा असला पाहिजे.

पैशाची बाजू येथे संपते. याहून गंभीर बाजू पुढे आहे. आपला रुग्ण महिन्यातून एकदा येतो. तालुक्याच्या गावाहून किंवा त्याच्याही पलीकडून एस.टी.ने येतो, पुष्कळदा सोबत मुलगा किंवा सून असते आणि त्यांचीही त्या दिवसाची मजुरी बुडते. पंचविसाव्या दिवशी कुपी संपली, म्हणून तो सव्विसाव्या दिवशी येत नाही. तो तिसाव्या दिवशी, आपण दिलेल्या तारखेला येतो. मधले पाच दिवस डोळ्यात औषध नाही. महिन्याला पाच दिवस, वर्षाला साठ दिवस. आपल्या नोंदीत मात्र हा रुग्ण नियमित असतो, कारण एकही तारीख त्याने चुकवलेली नसते.

काचबिंदूचे दुखणे असे की, डोळ्यातला दाब वाढला तरी बहुधा काही जाणवत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे दिसतच असते. कडेची नजर हळूहळू विझत जाते आणि जी गेली ती कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी आपण परत आणू शकतो. काचबिंदूने गेलेली आणू शकत नाही, फक्त उरलेली राखू शकतो. चाळिशीपुढील सुमारे एक कोटी बारा लाख भारतीयांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि त्यांतील बहुतेकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते. ज्यांचे निदान झाले, जे औषध घालायला तयार झाले, जे दर महिन्याला येतात, अशा मोजक्या रुग्णांचे वर्षातले साठ दिवस कुपीच्या टोकाच्या रुंदीमुळे जावेत, हे आपल्या संस्थेला शोभणारे नाही.

शिवाय येथे मी प्रत्येक थेंब डोळ्यातच पडतो असे धरले आहे. प्रत्यक्षात वृद्ध माणसाचे हात थरथरतात, सांधे दुखतात, कडक प्लॅस्टिकची कुपी दाबली जात नाही आणि दाबली की एकाऐवजी तीन थेंब पडतात. पहिला पापणीवर, दुसरा गालावर, तिसरा डोळ्यात. अशा रुग्णाची कुपी पंधरा-वीस दिवसांतच रिकामी होते. "आजोबा, औषध इतक्या लवकर कसे संपले?" असे विचारण्याआधी कुपी त्यांच्या हाती देऊन थेंब घालून दाखवायला सांगावे, हे आमच्या परिचारिका आता शिकल्या आहेत.

कुपी मोठी असली तर?

यावर कोणी म्हणेल की, मोठी कुपी द्यावी म्हणजे प्रश्न मिटला. तो तसा मिटत नाही. आपल्या देशातील औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या 'एफएफ' अनुसूचीत डोळ्यांच्या औषधांसंबंधी नियम आहेत. कुपी उघडल्यावर एका महिन्याच्या आत वापरावी, आणि टोकाचा कशालाही स्पर्श होऊ देऊ नये, या सूचना लेबलावर छापणे त्यानुसार आवश्यक आहे. महिना उलटल्यावर उरलेले औषध टाकायचे असते. त्यामुळे मोठ्या कुपीत उरते ते वाया जाते. आणि गरीब घरात ते टाकले जातच नाही, याचा धोका वेगळा. कपाटात ठेवलेली ती अर्धी कुपी पुढच्या वर्षी नातवाचे डोळे आले की बाहेर निघते. त्या कुपीत स्टेरॉइड असेल आणि नातवाच्या बुबुळावर जखम असेल, तर काय होते हे आम्ही पाहिलेले आहे.

लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्या दुसऱ्या औषधाचे उदाहरण घ्या. त्याची कुपी अडीच मिलिलिटरची, साधारण ऐंशी थेंबांची. रोज रात्री एक थेंब. दोन्ही डोळ्यांना महिन्याला साठ थेंब, म्हणजे कुपी आणि महिना यांचा मेळ छान बसतो. परंतु एकाच डोळ्यात घालायचे असेल तर तीस थेंब वापरून पन्नास टाकावे लागतात. या औषधाच्या मूळ प्रकाराची न उघडलेली कुपी दोन ते आठ अंश तापमानात, म्हणजे शीतकपाटात ठेवावी लागते. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याच्या घरात तीन कुप्या एकदम देणे म्हणजे दोन कुप्यांचा भरवसा सोडणे. एकच द्यावी, तर दर महिन्याचे प्रवासभाडे औषधाच्या किमतीहून जास्त होऊ शकते. येथे शीतकपाटाविना टिकणारा प्रकार थोडा महाग असला तरी रुग्णाला स्वस्त पडतो. औषधाची किंमत दुकानाच्या बिलावर संपत नाही. ती रुग्णाच्या घरापर्यंत मोजावी लागते.

मोतीबिंदूनंतरचे सहा आठवडे

आता आपल्या विभागातील सर्वांत मोठ्या कामाकडे येतो. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील व्यक्तींमधील अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. शस्त्रक्रियेनंतर प्रतिजैविक व स्टेरॉइड यांचे मिश्रण थेंबांच्या रूपात देतात आणि दर आठवड्याला एकेक थेंब कमी करतात. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा, मग पाच, चार, तीन, दोन, एक, असे एक नेहमीचे वेळापत्रक आहे. सहा आठवड्यांचे एकूण एकशे सत्तेचाळीस थेंब होतात.

पन्नास मायक्रोलिटरचा थेंब असेल तर पाच मिलिलिटरची पहिली कुपी विसाव्या दिवशी संपते. नातेवाइकांना वाटते, "औषध संपले, म्हणजे उपचार संपला." दुसरी कुपी आणली गेली नाही तर स्टेरॉइड मध्येच थांबते आणि डोळा पुन्हा लाल होऊन दुखू लागतो. दुसरी आणली तर तिच्यातील सत्तेचाळीस थेंब वापरायचे आणि त्रेपन्न टाकायचे. थेंब लहान असेल तर पहिली कुपी चार आठवडे पुरते. परंतु महिन्याची मुदत संपत आल्याने शेवटच्या दोन आठवड्यांच्या एकवीस थेंबांसाठी पुन्हा अख्खी कुपी उघडावी लागते. तेथे तीन मिलिलिटरची छोटी कुपी दिली तर पुरते.

ज्या रुग्णांची शस्त्रक्रिया सुरळीत झाली आहे आणि दाह कमी आहे, त्यांना चार आठवड्यांचे, दिवसाला चार-तीन-दोन-एक असे वेळापत्रक पुरेसे ठरू शकते. त्याला सत्तर थेंब लागतात, म्हणजे एकच कुपी, तीही मुदतीच्या आत. अर्थात कोणाला किती दिवस औषध द्यायचे हे डोळा पाहूनच ठरेल, कुपी पाहून नव्हे. मधुमेह असलेल्या किंवा शस्त्रक्रिया अवघड गेलेल्या रुग्णाला अधिक काळ लागतो. माझे म्हणणे इतकेच की, वेळापत्रक ठरल्यावर त्याला साजेशी कुपी निवडावी आणि चिठ्ठीवर औषधाच्या नावाबरोबर 'ही कुपी अमुक तारखेपर्यंत पुरेल, मग दुसरी घ्यावी' असे मराठीत लिहावे. शाईचा खर्च नगण्य आहे.

एका वेळेची कुपी

वाया जाण्याचा आणि जंतूंचा प्रश्न सोडवण्यासाठी एका वेळेच्या लहान कुप्या निघाल्या. यंत्रातच प्लॅस्टिक साचात फुगवून, औषध भरून, तोंड बंद केले जाते. टोक मोडायचे, थेंब घालायचा, कुपी टाकायची. यात परिरक्षक द्रव्य घालावे लागत नाही. नेहमीच्या कुपीत बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड असते; ते जंतूंना मारते, पण वर्षानुवर्षे दिवसाला अनेकदा घातले तर डोळ्याच्या पृष्ठभागालाही त्रास देते. डोळ्यांचा कोरडेपणा तीव्र असलेल्या आणि बुबुळ नाजूक झालेल्या रुग्णांना परिरक्षकविरहित औषधच योग्य.

परंतु हिशेब पाहा. ०.४ मिलिलिटरच्या अशा कुपीत पन्नास मायक्रोलिटरचे आठ थेंब असतात. दोन डोळ्यांना दोन वापरले, सहा टाकले. महिन्याला तीस कुप्यांतून बारा मिलिलिटर औषध विकत घेऊन आपण तीन वापरतो. तीस प्लॅस्टिकचे तुकडे आणि त्यांचे वेष्टन कचऱ्यात जाते, ते वेगळेच. गाळणी किंवा झडप बसवलेल्या नव्या कुप्याही आल्या आहेत. त्यांत परिरक्षक नसते आणि बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत, पण त्यांची किंमत अधिक असते आणि त्या दाबायला अनेकांना जड जातात.

येथे स्वस्ताईचा मोह किती घातक ठरू शकतो, हे २०२३ साली जगाने पाहिले. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात तयार झालेले कृत्रिम अश्रूंचे थेंब अमेरिकेत विकले जात होते. ते परिरक्षकविरहित होते, परंतु भरले होते अनेक वेळा वापरायच्या साध्या कुपीत. अशा कुपीत पुरेसे परिरक्षक नसल्याचा दोष तेथील औषध प्रशासनाने दाखवला आणि माल परत घेण्याची शिफारस केली. त्या काळात बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूची जी साथ पसरली, तिच्यात १८ राज्यांतील ८१ रुग्णांची नोंद झाली. चौदा जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघांचा मृत्यू झाला. औषध आणि कुपी यांचा मेळ चुकला की काय होते, याचे याहून दुःखद उदाहरण नसावे.

याच्या उलट, थोड्या विचाराने स्वस्तात किती सुरक्षितता मिळते, याचेही उदाहरण नेत्रवैद्यकात आहे. बुबुळावरची जखम पाहण्यासाठी फ्लुओरेसीन नावाचा पिवळा रंग घालतात. तो पूर्वी द्रवरूपात बाटलीत ठेवत आणि नेमका त्याच द्रवात स्यूडोमोनास वाढे. जखम तपासायला घातलेला रंगच जखमेत जंतू नेई. १९५१ मध्ये किमुरा यांनी तो रंग कागदाच्या पट्टीवर सुकवून वापरण्याची पद्धत मांडली. कोरड्या कागदावर हे जंतू वाढत नाहीत. आजही आपल्या तपासणी खोलीत त्याच पट्ट्या आहेत. वेष्टन बदलले आणि कित्येक डोळे वाचले.

शस्त्रक्रियागृहातील कुपी

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. बाहुली मोठी करण्याचे, भूल देण्याचे थेंब एका रुग्णासाठी एक कुपी असे वापरावेत, की एकाच कुपीतून अनेकांना? श्रीमंत देशांत बहुतेक ठिकाणी प्रत्येक रुग्णासाठी नवी कुपी उघडून उरलेली टाकतात. अमेरिकेतील चार शस्त्रक्रिया केंद्रांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या थेंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश न वापरताच टाकले जातात, असे आढळले. २०२१ मध्ये तेथील इलिनॉय राज्याने कायदाच केला की, शस्त्रक्रियेसाठी उघडलेली कुपी त्या रुग्णाला घरी नेण्यासाठी देता यावी. २०२२ मध्ये तेथील नेत्रतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनांनी एकत्रितपणे सांगितले की, योग्य शिस्त पाळल्यास बहुमात्रा कुपीतून एकाहून अधिक रुग्णांना थेंब देता येतात.

ज्या मार्गाकडे ते आता वळत आहेत, तो आपल्या देशात अनेक वर्षे चाललेला आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईला अकरा खाटांनिशी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयात शिस्तीने हे केले जाते. तेथील एका मोतीबिंदू शस्त्रक्रियेमागे होणारे कर्ब उत्सर्जन ब्रिटनमधील तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतके असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि जंतुसंसर्गाचे प्रमाण तेथे वाढलेले नव्हते. डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडण्याची पद्धत स्वीकारल्यावर, सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या त्यांच्या नोंदीत डोळ्याच्या आतील जंतुसंसर्ग ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आला. याच संस्थेच्या ऑरोलॅबने १९९२ पासून कृत्रिम भिंगे स्वस्तात बनवून दाखवली, हे आपणांस ठाऊक आहेच.

तरीही अरविंदचे नाव घेऊन आपण उद्यापासून कुप्या सामायिक कराव्यात, असे मी म्हणणार नाही. तेथे जे चालते ते शिस्तीच्या बळावर. टोक पापणीला लागले की ती कुपी तत्क्षणी बाजूला. कुपीवर उघडल्याची तारीख व वेळ. डोळे आलेल्या रुग्णासाठी वेगळी कुपी. कोणती कुपी कोणाला वापरली याची नोंद. ही शिस्त नसेल तर काटकसरीचा एक रुपया एखाद्याच्या डोळ्यावर बेतेल. आणि एका कुपीतून संसर्ग झाला तर तो एकाला होत नाही, त्या दिवशीच्या सगळ्यांना होतो.

आपण काय करावे?

या सर्वांचा विचार करून विभागाने विश्वस्त मंडळापुढे काही सूचना ठेवल्या आहेत. त्या थोडक्यात सांगतो.

एक : थेंबांची खरेदी करताना कुपीच्या दराऐवजी रुग्णाच्या एका महिन्याच्या खर्चाची तुलना व्हावी. त्यासाठी प्रत्येक नमुना कुपीतून दहा थेंब आपल्या औषध भांडारातील तराजूवर पाडून वजन करावे. दहा थेंबांचे वजन अर्धा ग्रॅम भरले तर थेंब पन्नास मायक्रोलिटरचा. याला दहा मिनिटे लागतात.

दोन : काचबिंदूच्या रुग्णाची पुढील तारीख तीस दिवसांनी न ठरवता त्याची कुपी ज्या दिवशी संपेल त्यापूर्वीची ठरवावी, किंवा दुसरी कुपी सोबत द्यावी.

तीन : एका वेळेच्या कुप्या सरसकट न वापरता गरजेच्या रुग्णांसाठी राखाव्यात : बुबुळावर जखम असलेले, परिरक्षकाची अ‍ॅलर्जी असलेले, दिवसाला अनेक थेंब वर्षानुवर्षे घालणारे.

चार : शस्त्रक्रियागृहातील सामायिक कुप्यांचा निर्णय जंतुसंसर्ग नियंत्रण समितीने लेखी नियमांनिशी घ्यावा. तोवर आहे तीच पद्धत चालू राहील.

पाच : बाह्यरुग्ण विभागात थेंब घालायला शिकवणारी एक खुर्ची आणि एक परिचारिका कायम असावी. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर, डोळ्याचा कोपरा दाबणे, टोक न लावणे, हे एकदा हाताने करून घेतले की विसरत नाही.

देणगीदारांना एक विनंती

धर्मादाय रुग्णालय म्हणून कायद्याने प्रत्येक बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हा निधी मोठा नसतो आणि वाट पाहणारे पुष्कळ असतात. त्यातून वाया गेलेला प्रत्येक थेंब हा दुसऱ्या कोणाचा तरी थेंब असतो. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण मुलांना शिकवतो. नेत्रविभागात ही म्हण अक्षरशः खरी आहे, आणि तळे आटते तेही थेंबाथेंबानेच.

आपण सर्वांनी या संस्थेला उदारहस्ते यंत्रे दिली, खोल्या बांधून दिल्या. त्या संगमरवरी पाट्यांवरील नावे आम्हाला रोज आपल्या ऋणाची आठवण देतात. औषधाच्या कुपीवर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही. ती महिन्याभरात रिकामी होते आणि कचऱ्यात जाते. तरीही माझी नम्र विनंती आहे की, यंदा काही देणगीदारांनी एखाद्या काचबिंदू रुग्णाच्या वर्षभराच्या थेंबांचा भार उचलावा. त्या दानाची पाटी लागणार नाही. पण तो रुग्ण पुढच्या वर्षी त्याच एस.टी.ने, कोणाचा हात न धरता, स्वतः पायरी पाहत आपल्या दारात उतरेल. त्याला आपले नाव ठाऊक नसेल. तो फक्त पुढची तारीख घेऊन जाईल.

रुग्णांच्या कुटुंबीयांनाही एकच सांगणे आहे. कुपी लवकर संपली तर संकोच न करता विचारायला या. आपल्या माणसाला थेंब आपण घालत असाल तर परिचारिकेकडून एकदा शिकून घ्या. आणि घरी उरलेली जुनी कुपी आज सायंकाळी शोधून टाकून द्या.